आधीचा रकाना

फॉर्मवर तीन रकाने:
आधी काय घडलं, मग काय घडलं, नंतर काय केलं.
मधला भरायला सोपा.
हेफिनने भिंतीवर डोकं आपटलं, सहा वेळा.
हेफिनने डिलिसचं मनगट चावलं.
हेफिनने ताटली फेकली. रिकामी.
हे मी मुद्दाम लिहिते, कारण फेकण्याआधी
त्याने भात नीट पातेल्यात परत ठेवला होता.

वेळ रोज तीच, संध्याकाळी सव्वासहा.
आणि पहिल्या रकान्यात सात आठवडे,
अक्षर वेगळं, मजकूर एकच:
काही नाही.

जुन्या फायलीत म्हटलंय,
लक्ष वेधण्यासाठी करतो.
म्हटलंय, दोघांनी मिळून हात धरावेत.
मीही धरलेत.
त्याची नाडी माझ्या अंगठ्याखाली सुसाट पळत होती
आणि मी वीसपर्यंत आकडे मोजत होते,
शिकवलं होतं तसे.

मग मोर्वेना आली. पायात गमबूट, हातात कागद नाही.
दोन संध्याकाळी वॉशिंग मशीनपाशी जमिनीवर बसली,
हेफिनपासून तो ठेवू देईल तेवढ्या अंतरावर.
जाताना मला विचारलं,
"ती खिडकीजवळची खुर्ची कोणाची?"
त्याचीच. पूर्वी बसायचा.
"पूर्वी म्हणजे कधीपर्यंत?"
बारा वर्षांच्या नोंदी आहेत आमच्याकडे.
हे कुठेच नव्हतं.

रात्री बसमध्ये मला इचलकरंजी आठवली.
आमचं घर दोन माग-शेडच्या मधोमध.
खटक खटक, अष्टौप्रहर.
पाहुण्यांचा डोळा लागायचा नाही, आमचा लागायचा.
पण लाइट गेली, माग थांबले,
की अख्ख्या गल्लीतली तान्ही पोरं
एकदम किंचाळत उठायची
आणि आया अंधारात थोपटायच्या,
काही नाही रे, काही नाही झालं.

काही नाही.

बस पोलाद कारखान्यावरून वळली.
माझा स्टॉप गेला. मी बसूनच राहिले.

सप्टेंबर संपता संपता भट्टी थंड झाली.
त्या दिवशी डिलिसचा नवरा घरी आला आणि जेवला नाही,
दुसऱ्या दिवशी बोलला नाही.
सगळे म्हणाले, साहजिक आहे, तीस वर्षं.
हेफिनला कोणी सांगितलंच नाही.
त्या खुर्चीतून त्याला दिसायची
अंधारातही तांबूस होत वर चढणारी वाफ,
आणि तिच्याबरोबर त्याची दहा बोटं उडायची.
(त्यावरही एक नोंद आहे: हात शांत ठेवायला शिकवावे.)
दोघांचं गेलं ते एकच.
एकाला सुतक मिळालं, एकाला फॉर्म.

त्याच्या चित्रांच्या वहीत कप होता, बस होती, दुखतंय होतं.
भट्टी नव्हती.
डिलिसच्या नवऱ्याने फोटो दिला,
स्वतःच आणून दिला. एल्विन त्याचं नाव.
मागे धूर, पुढे हेल्मेटमध्ये तो, तिशीतला.
मी फोटो दाखवला, मग खिडकी, मग 'संपलं'चं चित्र.
हेफिनने फोटो हुंगला.
'संपलं' उलटं करून ठेवलं.

सव्वासहाला त्याने डोकं आपटलंच.
मी मध्ये उशी धरली. हात नाही धरले.
एल्विनने दुसरी खुर्ची ओढली, जरा लांब,
आणि त्या नुसत्या काळ्या आभाळाकडे बघत म्हणाला,
"ठाऊक आहे रे गड्या."
पुढे कोणीच काही बोललं नाही.
चहा निवला. एल्विनचा पाय हलत होता, न थांबता,
हेफिनची बोटं मांडीवर, त्याहून हळू.

ड्यूटी संपताना मी फॉर्म घेतला.
मधल्या रकान्यात: दोनदा.
पहिल्या रकान्यात: धूर दिसला नाही.
डिलिसने तिच्या पेनाने खाली जोडलं,
आम्हालाही.